कर्नलच्या पोरांचे सोनेरी केस

ग्रेलिंग हॉलच्या जतन मंडळानं ठराव करून टाकला होता की इतिहास १७८१ साली संपला. अकरा बायका आणि एक निवृत्त न्यायाधीश, एवढ्यांनी मिळून हात वर केले आणि इतिहास संपला. कर्नल ग्रेलिंगनं नदीकाठी हवेली बांधली १७५२ला, इंग्रज हरले १७८१ला. मधल्या एकोणतीस वर्षांत जे उभं राहिलं ते खरं, पुढचं सगळं खोटं. खोटं ते उतरवायचं. १९७६च्या चार जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं पुरी होणार. त्या दिवशी हवेली अशी दिसली पाहिजे की कर्नल आत्ताच घोड्यावरून रपेट मारायला गेलाय.

उतरवायच्या गोष्टींची यादी केली होती. तिच्यात अकराव्या नंबरला होतं : ‘स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला चिकटलेली खोली. नंतरची. किरकोळ.’

त्या किरकोळ खोलीत ऑटिस बिलप्सचा जन्म झाला होता.

ऑटिस आता सत्तावन्न वर्षांचा. आजूबाजूच्या तीन परगण्यांत अजूनही स्वतःचा चुना खड्ड्यात मुरवणारा गवंडी तो एकटाच उरला होता. बाकीचे पिशवी फोडून पाणी ओतणारे. आणि मंडळाच्या तज्ज्ञानं तर ठणकावून सांगितलं होतं की भिंतींना सिमेंटचा एक कणही लागता कामा नये. म्हणून ज्या बिलप्स घराण्याला ह्याच मंडळानं १९३१ साली पंधरा दिवसांची मुदत देऊन त्या खोलीतून बाहेर काढलं, त्याच घराण्यातल्या माणसाला आता मानानं बोलावणं आलं. मानानं म्हणजे मागच्या दारानं.

“घेतलंस काम?” व्हीनी आत्यानं विचारलं. आत्या ब्याऐंशी वर्षांची. ऑटिसच्या बापाची बहीण, आजोबा जोसाया बिलप्सचं शेंडेफळ. आजोबाला पाहिलेलं, त्याच्या हातचा मार खाल्लेलं असं हे एकच माणूस जगात शिल्लक होतं.

“घेतलं.”

“आणि खोली?”

“ती पाडणार आहेत.”

“मग तू तिथं काय करणार? त्यांच्या दिवाणखान्याला पावडर लावत बसणार?”

“आत राहिलो तर काही करता येईल, आत्या. बाहेरून नुसता बोंबलत बसेन.”

“हे बघ पोरा,” आत्या म्हणाली, “त्या हवेलीतली एकूण एक भिंत माझ्या बापानं, त्याच्या बापानं आणि त्याच्याही बापानं चाबकाखाली लिंपली. त्यातलं मला काही नको. पण ती खोली त्यानं कुणी सांगितलं म्हणून बांधली नव्हती. तेवढी मी मरेपर्यंत उभी राहू दे. मी मेल्यावर तुझं तू बघ.”

एवढंच मागणं होतं. ऑटिसनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी थाप्या घेऊन हवेलीवर गेला.

मंडळाचा तज्ज्ञ म्हणजे डॉ. लेलँड स्पूनर. फिलाडेल्फियाहून आलेला, तिशीतला, गळ्यात बो टाय आणि हातात सोनाराची असावी तशी हातोडी. माणूस वाईट नव्हता. ऑटिसला ‘मिस्टर बिलप्स’ म्हणायचा. मंडळाच्या अध्यक्ष मिसेस विनफ्री यांना ते ऐकताना दर वेळी दाढेत खडा आल्यासारखं व्हायचं. पण स्पूनरला एक दुखणं होतं : जे कागदावर आहे तेवढंच त्याला दिसायचं.

तीन आठवडे तो भिंती ठोकत हिंडला. सगळीकडे १९३१चा गिलावा. त्या सालच्या बायकांनी जुना गिलावा ओरबाडून काढून स्वतःच्या मनचा पांढराफेक थापला होता. कर्नलच्या काळचं बोटभरही उरलं नव्हतं. स्पूनरची झोप उडाली. आणि एके सकाळी तो मागच्या जिन्याखालच्या कपाटातून बाहेर आला तो कोपरापर्यंत धुळीनं माखलेला, डोळ्यांत पाणी.

“सापडला!” तो म्हणाला. “मिसेस विनफ्री, अहो, अस्सल! चुना, नदीची वाळू, आणि गिलावा धरून ठेवायला केस. काचेसारखा गुळगुळीत, दोनशे वर्षांत एक तडा नाही. इथल्या कुणा ऐऱ्यागैऱ्याचं हे काम नाही. कर्नलनं इंग्लंडहून उस्ताद आणला असणार!”

ऑटिस आत जाऊन बघून आला. बघायची गरज नव्हती. जिन्याखालचं ते कपाट म्हणजे त्यांच्या खोलीचा डावा कोपरा. तिथं आईचं पिठाचं पिंप असायचं. १९३१ला त्यांना बाहेर काढल्यावर मंडळानं मध्ये फळ्यांचा आडोसा घातला आणि तो कोपरा हवेलीला जोडून घेतला. इंग्लंडचा उस्ताद म्हणजे त्याचा आजा.

“डॉक्टर,” तो म्हणाला, “हा कोपरा हवेलीचा नाहीच. तो मागच्या...”

“ऑटिस,” मिसेस विनफ्री म्हणाल्या, “डॉक्टर बोलतायत ना? मध्ये बोलू नकोस.”

त्या गेल्यावर त्यानं स्पूनरला एकट्याला गाठून सगळं सांगितलं. जोसाया १८६५ला गुलामीतून सुटला, सहा वर्षं मजुरी केली आणि १८७१ला ती खोली बांधली. स्पूनरनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मी तुमच्या भावना समजू शकतो, मिस्टर बिलप्स. पण आठवणीला पुरावा म्हणत नाहीत. काही कागद आहे?”

“कागद?” ऑटिस म्हणाला. “माझ्या आजोबाच्या नावाचा एकच कागद असेल, डॉक्टर. त्याला विकल्याची पावती. ती कर्नलच्या वारसांच्या कपाटात शोधा.”

स्पूनर लाल झाला. पण वहीत काही लिहिलं नाही.

कपाटाच्या भिंतीतून त्यानं मुठीएवढा तुकडा काढला, डबीत घातला आणि प्रयोगशाळेला पाठवला. महिन्यानं अहवाल आला. पहिल्या पानावर लिहिलं होतं : गिलाव्यातले केस गाईचे नाहीत, डुकराचे नाहीत. माणसाचे आहेत. निरनिराळ्या माणसांचे, आणि बरेचसे लहान मुलांचे.

दुसरं कुणी असतं तर घाबरलं असतं. मंडळ विरघळलं. दुपारच्या चहापर्यंत गोष्ट तयार झाली : कर्नल ग्रेलिंग मोठा प्रेमळ बाप. प्रत्येक लेकराचं पहिलं जावळ त्यानं घराच्या भिंतीत जपून ठेवलं. संध्याकाळपर्यंत त्या जावळाला रंगही चढला. सोनेरी. पुढच्या आठवड्यात माहितीपुस्तिकेच्या चार हजार प्रती छापून आल्या. तिच्यावर सोनेरी कुरळ्या केसांची एक बट, निळ्या रिबिनीत बांधलेली. त्याच कर्नलच्या दफ्तरात एका वर्षी तीन पोरं आईपासून तोडून नदीपार विकल्याची नोंद होती. पण ती पुस्तिकेत कुठं बसवणार? रिबिनीनं जागा खाल्ली होती.

आता नियम म्हणजे नियम. अस्सल कृतीत माणसाचे केस, तर दिवाणखान्याच्या नव्या गिलाव्यातही माणसाचेच हवेत. मंडळानं समारंभ ठेवला. हॅम घातलेले छोटे पाव, चहा, चांदीची कात्री. कर्नलच्या वंशातल्या सात बायकांनी एकेक बट कापून दिली. सात लिफाफे, त्यांवर सात नावं. मिसेस विनफ्रींचे केस पार्लरच्या रंगानं निळसर झाले होते. ते पुस्तिकेवरच्या रिबिनीला तेवढे शोभून दिसत होते.

“मॅडम,” ऑटिस लिफाफे तळहातावर तोलत म्हणाला, “एवढ्यात कोंबड्यांचं खुराडंसुद्धा लिंपून होणार नाही. तीन पोती केस लागतील.”

“तीन पोती!” बाई विचारात पडल्या. “मग तू बघ कुठून मिळतात ते. पण एक सांगते, ऑटिस. केस चांगल्या घरचे हवेत.”

“चांगल्या घरचेच आणतो, मॅडम.”

ऑटिसचा चुलतभाऊ पर्नेल याचं चर्चच्या समोर केशकर्तनाचं दुकान होतं. ऑटिस पोती घेऊन आत शिरला तेव्हा चारही खुर्च्या रिकाम्या होत्या.

“केस?” पर्नेल म्हणाला. “अरे, कुठून देऊ? ही आत्ताची पोरं केस कापतायत कुठं? डोक्यावर झुडपं वाढवून हिंडतात. मी इथं बसून माशा भादरतोय.”

“चांगल्या घरचे हवेत म्हणे.”

“असं होय?” पर्नेलनं केराची बादली पुढं ओढली. “हे बघ, हे चर्चच्या डीकन ग्रिग्जचे, शाळेचे हेडमास्तर आहेत ते. हे टपालवाल्या लोनीचे, तो बायकोला सोडून गेलाय, त्याला चांगल्या घरचा धरायचा का?”

“लोनी चालेल.”

“कशाला हवेत पण?”

“कर्नलच्या दिवाणखान्यात लावायचेत.”

पर्नेल हातातली कात्री खाली ठेवून एवढा हसला की ठसका लागला. मग डोळे पुसत उठला आणि दारावर पाटी लावली : महिनाभर केस फुकट कापून मिळतील. पुढच्या शनिवारी रांग लागली. झुडूपवाली पोरंसुद्धा आली. त्यांच्या आया त्यांना कान धरून घेऊन आल्या.

ऑटिस चार महिने त्या भिंतींवर होता. वर्षभर मुरलेला चुना, नदीची धुतलेली वाळू, आणि पोत्यातले केस मुठीमुठीनं विंचरून घातलेले. तीन थर. शेवटच्या थराला तर तो थापी अशी फिरवायचा की बघणाऱ्याला वाटावं, भिंतीची समजूत काढतोय. मे महिन्यात दिवाणखाना पुरा झाला. सकाळचं ऊन आत आलं की भिंत आतून उजळल्यासारखी दिसायची. स्पूनर दारात नुसता उभा राहायचा. मिसेस विनफ्रींनी पन्नास देणगीदारांना आणून दाखवलं. राज्याचे गव्हर्नर चार जुलैला येणार हे पक्कं झालं.

आणि अकरा नंबर पाडायची तारीख पडली. चौदा जून, सोमवार.

त्याआधीच्या बुधवारी दिवाणखान्याच्या बाजूच्या छोट्या खोलीचं काम निघालं. वाळूचं प्रमाण पुन्हा बघावं म्हणून ऑटिसनं स्पूनरकडून अहवाल मागून घेतला. जेवणाच्या सुट्टीत पायरीवर बसून, तळलेल्या माशाचा तुकडा एका हातात धरून त्यानं पहिलं पान उलटलं. मागं दुसरं पान होतं. पहिल्या पानावरच हवेत उडालेल्या मंडळींना ते वाचायला जमिनीवर कोण उतरवणार?

दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात होतं : ‘सर्व केस काळे, घट्ट पिळाचे. आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींचे.’

आणि त्या ओळीच्या बाजूला समासात, स्पूनरच्या नीटनेटक्या अक्षरात, पेन्सिलीनं : ‘नमुना दूषित? कामगाराच्या डोक्यातले पडले असावेत.’

ऑटिसनं माशाचा तुकडा कागदात गुंडाळून ठेवला. शिवी द्यायची तर कुणाला, हेच त्याला सुचेना. माणूस पान वाचतो, पानावरचं खरं त्याला दिसतं, आणि मग तो पेन्सिल काढून त्या खऱ्याला केर ठरवतो. आणि हाच माणूस आपल्याला ‘मिस्टर’ म्हणतो.

शुक्रवारी मंडळाची बैठक दिवाणखान्यातच होती. ऑटिस आत आला, तो पुढच्या दारानं. व्हीनी आत्या त्याच्या दंडाला धरून. चर्चची जांभळी टोपी, हातमोजे. त्याच्या दुसऱ्या हातात गिलावा खरवडायचं फावडं.

“ऑटिस, आमची बैठक चालू आहे,” मिसेस विनफ्री म्हणाल्या.

“म्हणूनच आलो, मॅडम. आत्या, बस.”

आत्या कर्नलच्या रेशमी खुर्चीवर बसली. तिच्यावर बसू नये अशी चिठ्ठी होती. ती तिनं आधी उचलली आणि मग बसली.

ऑटिसनं दुसरं पान वाचून दाखवलं. समासातलंसुद्धा. स्पूनर खिडकीबाहेर बघू लागला.

“असं कसं होईल?” कुणीतरी म्हणालं. “कर्नलची मुलं तर...”

“कर्नलच्या मुलांचं मला विचारू नका,” आत्या म्हणाली. “त्यातली निम्मी आमच्यात आली, त्यांची नावं तुमच्या पुस्तिकेत नाहीत. केसांचं विचारा. माझा बाप खोली बांधत होता तेव्हा गावातल्या कातडी कमावणाऱ्यानं त्याला गाईचे केस विकले नाहीत. म्हणाला, सुटलेल्यांना माल नाही. तेव्हा माझी आई टेम्पी पायरीवर बसली आणि कमरेपर्यंतची वेणी तिनं मुळापासून कापली. मग शेजारणी आल्या. तेव्हापासून आमच्यात रीतच पडली. पोरगं वर्षाचं झालं की त्याचं जावळ, मूठभर चुना, आणि भिंतीत जिथं खपली निघाली असेल तिथं. माझं आहे. ह्याच्या बापाचं आहे. ह्या ऑटिसचं तर मी स्वतः कापलंय. कसला आकांत करत होता! ती डबीतली भिंत म्हणजे आमचं खानदान आहे, बाई. तुम्ही ते प्रयोगशाळेत पाठवलंत आणि ते तिथून ओळख पटवून परत आलं.”

“हे... फारच हृद्य आहे,” मिसेस विनफ्री म्हणाल्या. “आपण याची नोंद घेऊ.”

“घ्याच,” ऑटिस म्हणाला. “आणि नियमही लावा. कपाटातला गिलावा १८७१चा. त्याच्यावरून मी तुमचा हा दिवाणखाना केला. म्हणजे हासुद्धा १८७१चा. १७८१च्या पुढचं ते खोटं, आणि खोटं ते उतरवायचं, हा तुमचा ठराव.” त्यानं फावडं भिंतीला टेकवलं. “सोमवारी मागची खोली पाडायला माणसं येतायत. मी आत्ता सुरुवात केली तर सोमवारपर्यंत ह्या चार भिंती विटेपर्यंत उघड्या करून देतो. बरोबरच होऊ दे दोन्ही.”

“तू हे करणार नाहीस!” मिसेस विनफ्री उठून उभ्या राहिल्या. “ह्यात आमचे केस आहेत!”

“आहेत ना. तुमचे सात लिफाफे त्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात आहेत, वीतभर जागेत. बाकी सगळी भिंत पर्नेलच्या दुकानातली आहे. चांगल्या घरचे आहेत, मॅडम. एक टपालवाला सोडला तर.”

निवृत्त न्यायाधीश खोकला. तो खोकला नव्हता, दाबलेलं हसू होतं.

ऑटिसनं फावड्याचं टोक भिंतीवर ठेवलं. आयुष्यात एवढी चांगली भिंत त्यानं केली नव्हती, पुन्हा होणारही नव्हती. त्यानं आत्याकडं पाहिलं. आत्या म्हणाली, “चालव.”

फावडं एक बोटभर सरकलं. पांढरा भुगा गालिच्यावर पडला.

“थांबा!” स्पूनर ओरडला. खिडकीकडून तो वळला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता, पण आवाज विद्यापीठाचाच होता. “मंडळाला ठराव बदलता येतो. म्हणजे... अखंड कारागिरीची परंपरा असं एक तत्त्व मांडता येईल. आणि मिस्टर बिलप्स, ती पेन्सिल... मी ती ओळ...”

“खोडू नका,” ऑटिस म्हणाला. “तुम्हीच म्हणालात, कागद लागतो.”

दहा मिनिटांत मतदान झालं. गव्हर्नर येणार होते, देणगीदार भिंत बघून गेले होते. तत्त्वाचा प्रश्न असला की ही माणसं चटकन मार्ग काढतात. पण आपण चुकलो असं लिहायचं कसं? मार्ग मिसेस विनफ्रींनीच काढला. बैठकीच्या वृत्तांतात नोंद झाली : ‘मूळ ठरावातलं १७८१ हे साल ही टंकलेखनातली चूक असून ते १८७१ असं वाचावं.’ मतं सहा विरुद्ध सहा झाली, आणि अध्यक्षांचं जादा मत बाजूनं पडलं. इतिहास नव्वद वर्षं लांबला. टंकलेखिकेला समज देण्यात आली.

खोली राहिली.

चार जुलैला गर्दी लोटली. गव्हर्नर आले, बँड वाजला. दिवाणखान्यात पिसांची टोपी घातलेली एक मुलगी वीस-वीस जणांना उभं करून सांगत होती, “या भिंतींत कर्नलच्या मुलांचे सोनेरी केस आहेत.” चार हजार पुस्तिका छापून झाल्या होत्या. त्या काही टंकलेखनाची चूक ठरवता आल्या नाहीत. पर्नेल, डीकन ग्रिग्ज आणि टपालवाला लोनी पहिल्या रांगेत होते. तिघंही टोप्या काढून भक्तिभावानं ऐकत होते. लोनी भिंतीकडं बघून पर्नेलच्या कानात म्हणाला, “मी बाहेर टकलावर ऊन घेतो, आणि माझे केस बघ, सावलीत बसलेत.”

मागच्या खोलीकडं कुणी फिरकलं नाही. तिच्या दारावर मंडळानं पितळी पाटी लावली होती : ‘निष्ठावंत सेवकाची खोली’. कपाटाचा फळ्यांचा आडोसा काढला होता, म्हणून डावा कोपरा पुन्हा खोलीत आला होता. स्पूनरनं तुकडा काढलेला मुठीएवढा खड्डा त्या कोपऱ्यात तसाच होता. त्याच्यावर त्यानं काच बसवून खाली तारीख लिहिली होती.

ऑटिसनं आधी पाटीचे चार स्क्रू काढले. मग काच काढली. आत्या जुन्या पिठाच्या पिंपाच्या जागी स्टुलावर बसली होती. मांडीवर ऑटिसची नात, जोनेल, वर्षाची. आत्याच्या हातात शिवणाची कात्री, आणि पोर असं किंचाळत होतं की बँड ऐकू येईना.

“हिचा आवाज तुझ्यावर गेलाय,” आत्या म्हणाली. “आण तो चुना इकडं. आणि पाटी फेकू नकोस. तिच्यावरच कालव.”

ऑटिसनं पाटी पालथी घातली. तिच्या पाठीवर चुना, वाळू आणि ती चिमूटभर बट कालवली आणि खड्डा भरायला घेतला.